चुकीच्या पासवर्डचं कुलूप: लावायला किती, उघडायला किती

आधी दर. ऑफिसच्या संगणकावर ‘इतक्या वेळा पासवर्ड चुकला की खातं काही वेळ बंद’ ही सोय लावायला खर्च शून्य रुपये, वेळ दहा मिनिटं. हाताशी हवा फक्त अ‍ॅडमिन पासवर्ड. असं बंद पडलेलं खातं उघडायलाही बहुतेक ठिकाणी शून्यच. मग पैसे जातात कुठे? कारागिराच्या फेरीत, नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लाखांदूर-भंडारा एसटीच्या तिकिटात आणि ‘कस्टमर केअर’ म्हणून फोन उचलणाऱ्या चोराच्या खिशात. चारही खर्च टाळता येतात.

तुमची पतसंस्था असो, तुमसरकडची राइस मिल असो, आपले सरकार सेवा केंद्र असो की शाळेचं कार्यालय, चित्र सहसा सारखंच: एक-दोन संगणक, तीन-चार हाताळणारे आणि सगळ्यांना पाठ असलेला एक पासवर्ड. आधी त्या संगणकाचं पाहू. बँक, यूपीआय, सिम, पीएफ यांच्या किल्ल्या तुमच्या हातात नसतात. त्यांचं पुढे येईल.

सध्या काय आहे ते तपासा

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, इंग्रजीत ‘विनव्हर’ टाइप करा, एंटर मारा. विंडोजची आवृत्ती दिसेल. विंडोज ११ असेल, आवृत्ती २२एच२ किंवा त्यानंतरची असेल आणि ती नव्यानेच बसवलेली असेल, तर कुलूप आधीच लागलेलं आहे: दहा वेळा चुकलं की दहा मिनिटं बंद. पण जुन्या संगणकावर अपडेट होत होत ११ आलं असेल तर हे गृहीत धरू नका. विंडोज १० मध्ये तर ते बहुधा मुळात लावलेलंच नसतं.

खात्री करायची रीत सोपी आहे. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत ‘नेट’, एक जागा सोडून ‘अकाउंट्स’ लिहा, एंटर. आठ-दहा ओळी येतील. ‘लॉकआउट थ्रेशोल्ड’ या ओळीपुढे ‘नेव्हर’ असेल, तर तुमच्या संगणकावर कोणीही दिवसभर बसून पासवर्डचे अंदाज मारू शकतो. संगणक काहीही म्हणणार नाही.

विंडोज १० वाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. कुलूप त्यावरही लावता येतं, लावाच. मात्र सुरक्षा अपडेट येत नसलेल्या संगणकावर ठेवीदारांची खाती ठेवणं हा वेगळा धोका आहे आणि तो या कुलपाने मिटत नाही.

तीन आकडे

सगळा खेळ तीन आकड्यांचा आहे. पहिला: किती चुकांनंतर खातं बंद व्हावं. दुसरा: किती मिनिटं बंद राहावं. तिसरा: चुकांची मोजणी किती मिनिटांनी पुन्हा शून्यावर यावी. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा ठेवता येत नाही, विंडोज नाही म्हणतं.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर पुन्हा विंडोज आणि ‘आर’ दाबा, ‘सेकपोल डॉट एमएससी’ टाइप करा. डावीकडे ‘अकाउंट पॉलिसीज’, त्यात ‘अकाउंट लॉकआउट पॉलिसी’. पहिला आकडा ‘थ्रेशोल्ड’च्या ओळीत भरा. तो भरताच बाकीचे दोन विंडोज स्वतः सुचवतं. ते मान्य करा, मग हवे तसे बदला. त्याच ठिकाणी ‘अलाउ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट लॉकआउट’ ही ओळ दिसली तर ती चालू ठेवा. विंडोजमध्ये मुळात असणारं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं पूर्वी या नियमातून सुटायचं, म्हणून अंदाज मारणारे नेमकं तेच धरायचे. ११ ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून तेही कुलपाखाली आणता येतं.

होम आवृत्ती असेल तर ‘सेकपोल’ मिळणार नाही. इथेच पहिला पैसा मागितला जातो: “भाऊ, याच्यात प्रो टाका लागते.” टाकायची गरज नाही. मघाच्याच काळ्या खिडकीत हे काम होतं. ‘नेट अकाउंट्स’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची), तिला चिकटून ‘लॉकआउटथ्रेशोल्ड’ हा शब्द न तोडता, मग कोलन आणि आकडा. एंटर. त्याच पद्धतीने ‘लॉकआउटविंडो’ आणि शेवटी ‘लॉकआउटड्युरेशन’. क्रम हाच ठेवा. मोजणीचा आकडा आधी कमी केला नाही आणि बंद राहण्याची मिनिटं थेट १५ वर आणायला गेलात, तर चूक झाल्याचा संदेश येतो आणि लोक समजतात की होममध्ये हे चालतच नाही.

आता आकडे कोणते? तीन-चार जण वापरत असलेल्या संगणकाला १०, १५, १५ ठेवा: दहा चुका, पंधरा मिनिटं बंद, पंधरा मिनिटांनी मोजणी शून्य. फक्त एक-दोघं बसतात आणि पैशांच्या नोंदी होतात अशा संगणकाला ५, १५, १५ चालेल. तीन कधीच नको. तीनवर ठेवलं की सोमवारी सकाळी काउंटरवर रांग असताना खातं बंद होतं, आणि मंगळवारपासून पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला दिसतो. म्हणजे कुलूपही गेलं आणि किल्लीही दारावर लटकली.

दहा चुका जास्त वाटतात? हिशेब करा. दहा अंदाज, मग पंधरा मिनिटं बंद. तासाला फार तर चाळीस, दिवसाला ९६० अंदाज. कुलूप नसताना एखादा प्रोग्राम हेच काम काही मिनिटांत उरकतो. पाच चुकांवर ठेवलंत तर दिवसाचे ४८० होतात, एवढाच फरक. मात्र पासवर्ड गावाचं नाव आणि पुढे १२३ असेल, किंवा संस्थेचा फोन नंबर असेल, तर तो पहिल्या पाचातच सापडेल. अशा पासवर्डला कुठलाही आकडा वाचवत नाही.

बंद राहण्याची मिनिटं शून्य लिहू नका. शून्य म्हणजे ‘लगेच उघडेल’ असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘अ‍ॅडमिनने हाताने उघडेपर्यंत बंद’ असा आहे. आणि अ‍ॅडमिनच बंद झाला तर? म्हणून आकडे भरण्यापूर्वी एक काम: दुसरं अ‍ॅडमिन खातं तयार करा, त्याला लांब पासवर्ड द्या, तो कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकिटावर सही करून तिजोरीत ठेवा. रोजच्या कामाला ते खातं वापरायचं नाही. वेळ पाच मिनिटं, खर्च एका पाकिटाचा.

पैसे कुठे झिरपतात

प्रोचं वर आलंच. त्याच्या खऱ्या परवान्याला काही हजार रुपये पडतात. ऑनलाइन बाजारात तीनशे-पाचशेला मिळणाऱ्या ‘आजीवन’ किल्ल्या असतात, त्या बहुतेक दुसऱ्याच कुणासाठी दिलेल्या परवान्यातून काढलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. कुलपासाठी दोन्हींची गरज नाही.

दुसरी गळती अँटिव्हायरसच्या वरच्या दर्जाची. ‘यात लॉगिन प्रोटेक्शन आहे’ म्हणून महागडं पॅकेज गळ्यात मारलं जातं. विंडोजमधलं कुलूप फुकट आहे आणि आधीपासून आत आहे. अँटिव्हायरस घ्यायचा तर व्हायरससाठी घ्या.

तिसरी सगळ्यात महाग: फॉरमॅट. खातं बंद झालं की पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो की हे खातं सध्या लॉक आहे आणि यातून लॉगिन करता येणार नाही. तो न वाचता संगणक दुकानात नेला, की कोणी दोनशे सांगतो, कोणी पाचशे, आणि उपाय एकच: विंडोज नव्याने टाकू. थांबा. पंधरा मिनिटं चहा घ्या, मग बरोबर पासवर्ड टाका. कुलूप चालू असताना बरोबर पासवर्डही नाकारला जातो, म्हणून ‘पासवर्डच बिघडला’ असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. फॉरमॅट केलात तर हिशेबाच्या फायली गेल्या, आणि नंतर त्या परत मिळवून देण्याचा दर फॉरमॅटच्या कितीतरी पट. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते. तिची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती नसताना डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी हाती काही लागत नाही. ती किल्ली आजच उतरवून त्याच पाकिटात ठेवा.

चौथी गळती पैशाची दिसत नाही, पण तीच आधी बुजवा. ‘घरून ऑफिस बघता यावं’ म्हणून कोणी रिमोट डेस्कटॉप चालू करून राउटरमधून ३३८९ हा पोर्ट बाहेर उघडून दिला असेल, तर तुमच्या लॉगिनच्या पडद्यावर जगभरातून अंदाज मारले जात असतील. गरज नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ बंद करा आणि ज्याने पोर्ट उघडला त्याच्याकडून तो बंद करून घ्या. बंद करण्याचे पैसे देऊ नका. तसंच सॉफ्टवेअरवाल्याने दुरुस्तीसाठी दुरून संगणक चालवणारं एनीडेस्क टाकून त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल, तर तोही काढा. पुढच्या वेळी त्याने फोन करावा, तुम्ही समोर बसून परवानगी द्यावी.

वार्षिक देखभाल करार करत असाल तर त्यात एक ओळ लिहून घ्या: खातं उघडणं, पासवर्ड बदलणं आणि लॉकआउटचे आकडे तपासणं करारात समाविष्ट, प्रति फेरी वेगळा आकार नाही. करारात ही ओळ नसेल तर ‘सर्व्हिस’ या एका शब्दाखाली प्रत्येक फेरीचं वेगळं बिल लागू शकतं.

आपलीच माणसं अडकतात तेव्हा

चोरापेक्षा जास्त वेळा अडकतात आपलेच लोक. कारणं ठरलेली आहेत. कॅप्स लॉक चालू. नम लॉक बंद, म्हणून उजवीकडचे आकडे उमटतच नाहीत. आणि आपल्याकडचं खास कारण: आदल्या दिवशी मराठीत पत्र टाइप करून उठलेल्या माणसाने भाषा बदललेलीच नसते. लॉगिनच्या पडद्यावर फक्त काळे ठिपके दिसतात, त्यामुळे खाली मराठी अक्षरं उमटत आहेत हे कळत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषा लिहिलेली असते. इंग्रजी नसेल तर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून बदला. पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की टाइप केलेलं दिसतं. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा हेच करायचं, एवढा एक नियम ऑपरेटरला सांगून ठेवा.

कोणी हात लावला नाही तरी खातं दर थोड्या वेळाने बंद होत असेल, तर पासवर्ड नुकताच बदललाय का ते आठवा. एका पतसंस्थेच्या ऑफिसातला प्रकार हाच होता. व्यवस्थापकांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून खातं दिवसातून कितीदा तरी बंद. संशय शिपायापासून नव्या मुलीपर्यंत सगळ्यांवर गेला. गुन्हेगार निघालं झेरॉक्स मशीन. स्कॅन केलेला कागद संगणकाच्या फोल्डरमध्ये पाठवायला त्यात व्यवस्थापकांचंच नाव आणि जुना पासवर्ड भरून ठेवला होता. प्रत्येक स्कॅनला ते जुना पासवर्ड टाकून बघत होतं. उपाय: स्कॅनरसाठी वेगळं, कमी अधिकाराचं खातं. दुसऱ्या संगणकावरून उघडलेली सामायिक फोल्डरं हाही तसाच संशयित; कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तिथला जुना पासवर्ड पुसा.

कोणत्या नावाने, किती वाजता चुका झाल्या हे विंडोज लिहून ठेवतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिक्युरिटी’. ४६२५ हा क्रमांक म्हणजे फसलेलं लॉगिन, ४७४० म्हणजे खातं बंद झालं. रात्री दोन वाजता ४६२५ च्या रांगा दिसल्या तर तो तुमचा ऑपरेटर नव्हे. आधी इंटरनेटची वायर काढा, मग वरचा पोर्टचा मजकूर पुन्हा वाचा.

पंधरा मिनिटं थांबायला वेळ नसेल तर दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून आत जा. प्रोमध्ये ‘लुसरएमजीआर डॉट एमएससी’ उघडून त्या माणसाच्या नावावर दोनदा क्लिक करा, ‘अकाउंट इज लॉक्ड आउट’ पुढची खूण काढा. होममध्ये काळ्या खिडकीत ‘नेट युजर’, खात्याचं नाव, तिरकी रेघ, ‘अ‍ॅक्टिव्ह’, कोलन, ‘येस’.

पिनचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही संगणक चार-सहा आकडी पिनने उघडत असाल तर वरचे तीन आकडे त्याला लागू होत नाहीत. पिनच्या चुका संगणकातली सुरक्षा चिप स्वतः मोजते. काही चुकांनंतर ती एक ठरलेला अक्षरसमूह टाइप करायला सांगते, नंतर रीस्टार्ट मागते. घाबरू नका, पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडून आत जा.

ज्या कुलपांची किल्ली दुसऱ्याकडे आहे

बँकेपासून सुरुवात करू. भंडारा जिल्ह्यात तुमचं खातं स्टेट बँकेत असो, बँक ऑफ इंडियात, बँक ऑफ महाराष्ट्रात की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, किती चुकांनी नेट बँकिंग बंद होतं हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. बहुधा तीन ते पाच. उघडण्याचे मार्ग दोन: ठरलेल्या वेळेनंतर आपोआप, किंवा बँकेच्या साइटवर ‘फरगॉट’ किंवा ‘अनलॉक’ निवडून ओटीपीने. दोन्ही फुकट. साइटचा पत्ता तपासा: रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर नेले आहेत. शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकू नका.

एटीएमचा पिन तीनदा चुकला की कार्ड साधारण एका दिवसासाठी थांबतं. दुसऱ्या दिवशी चालतं. पिनच विसरला असाल तर बँकेच्या एटीएमवर किंवा अ‍ॅपमध्ये नवा पिन फुकट तयार होतो, फक्त नोंदवलेला मोबाईल हातात हवा. खर्च लागतो तो आडमार्गाने गेलात तर. स्टेट बँकेत कागदी पिन पुन्हा मागवला तर ५० रुपये अधिक जीएसटी, आणि ‘कार्डच बदलून द्या’ म्हणालात तर ३०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४. पिन विसरण्यासाठी कार्ड बदलावं लागत नाही. काउंटरवर तसा अर्ज पुढे केला तर आधी विचारा.

यूपीआयचा पिन तीनदा चुकला की साधारण २४ तास थांबावं लागतं. तोवर ‘रीसेट यूपीआय पिन’ने नवा पिन लावता येतो: डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत, किंवा कार्ड नसेल तर आधारचा ओटीपी. फुकट. पिन टाकून पैसे ‘येतात’ असं कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पिन टाकला की पैसे जातातच.

सगळ्यात जपून हाताळायचं कुलूप सिमचं. सिमला पिन लावलेला असेल आणि तो तीनदा चुकला तर फोन ‘पीयूके’ मागतो. हा आठ आकडी क्रमांक सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून आलं त्यावर छापलेला असतो, किंवा कंपनीच्या कस्टमर केअरकडून ओळख पटवून फुकट मिळतो. अंदाजाने टाकू नका. दहा चुका झाल्या की सिम कायमचं बाद. मग नवं सिम: ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः, मूळ आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. सिमची किंमत कंपनीनुसार बदलते आणि ती फार नसते. खरी किंमत वेगळीच: सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे दिवसभर एकही ओटीपी नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा किंवा धान नोंदणीचा शेवटचा दिवस उद्या असेल तर आज सिम बदलू नका. आधी अर्ज भरून घ्या.

पीएफचा यूएएन, आयकराचं ई-फायलिंग, महाडीबीटी, डिजिलॉकर यांचं सूत्र सारखं: ‘फरगॉट पासवर्ड’, मोबाईलवर ओटीपी, नवा पासवर्ड, शुल्क शून्य. वरठी किंवा गडेगावच्या कारखान्यात काम करत असाल तर यूएएन पगारपत्रकावर छापलेला असतो. तो विचारायला नागपूरच्या फेऱ्या मारू नका. आयकराचं खातं पासवर्डने अडलं तर आधारच्या ओटीपीने किंवा बँकेच्या नेट बँकिंगमधून सरळ आत जाता येतं. सायबर कॅफेत हे काम करून घेतलंत तर छपाईचे आणि वेळेचे पैसे द्या, ‘अनलॉक फी’ म्हणून काही नसतं. आणि नवा पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत लिहू देऊ नका. चार मुलांच्या अर्जांना एकच मोबाईल नंबर आणि एकच पासवर्ड लावण्याची पद्धत सोपी वाटते. पुढच्या वर्षी त्या नंबरचं सिम बंद पडलं की चौघंही बाहेर.

व्हॉट्सअ‍ॅपचा दोन टप्प्यांचा पिन विसरला आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. दुसरा उपाय नाही. गूगलचं खातं परत मिळायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात, आणि त्यासाठी फोनवर बसलेला माणूस गूगलने ठेवलेला नाही. ‘गूगल सपोर्ट’ म्हणून पैसे मागणारा प्रत्येक जण खोटा.

गाडी अडते ती ओटीपीवर

वरच्या सगळ्या फुकट मार्गांना एकच अट आहे: नोंदवलेला मोबाईल चालू हवा. तो बदलला असेल तर खर्च आणि फेऱ्या तिथून सुरू होतात.

आधारमधला मोबाईल नंबर केंद्रावर जाऊन बदलता येतो. शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. पूर्वी ५० होतं. कागदपत्र लागत नाही, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. पावती मागा, तिच्यावर रक्कम छापलेली असते. तेवढीच द्या. त्याच फेरीत बायोमेट्रिकही अद्ययावत करायचं असेल तर १२५ रुपये, आणि तेव्हा नंबरचे ७५ वेगळे लागत नाहीत. आधार केंद्रं काही बँक शाखांत आणि टपाल कार्यालयांत असतात. आज कुठलं चालू आहे हे १९४७ वर विचारूनच निघा. नोंद व्हायला सहसा काही दिवस, कागदोपत्री ३० दिवसांपर्यंत.

बँकेतला नंबर बदलायचा अर्ज फुकट. सोबत पासबुक, मूळ आधार, पॅन आणि त्यांच्या झेरॉक्स, नवं सिम घातलेला फोन. पवनी किंवा लाखांदूरहून निघणार असाल तर आधी फोनवर विचारा: जवळच्या शाखेत चालेल की मूळ शाखेतच यावं लागेल? महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा खिशात ठेवा.

काउंटरवर ‘खातं बंद आहे’ असं सांगितलं तर नेमकं कशामुळे ते विचारा. पासवर्ड चुकून अडलेलं नेट बँकिंग वेगळं, केवायसी बाकी असल्याने थांबवलेलं खातं वेगळं. दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेलं खातं तिसऱ्या प्रकारचं. ते पुन्हा सुरू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. पोलिसांच्या पत्रावरून गोठवलेलं असेल तर कोणत्या ठाण्याचं पत्र, कोणत्या तक्रारीवरून, हे लेखी मागा. प्रत्येकाचा अर्ज निराळा असतो, चुकीचा भरलात तर फेरी वाया.

खातं लॉक झालं की माणूस घाईत असतो, गूगलवर बँकेचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. तिथेच फसतो. नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकवरून घ्या. स्टेट बँकेचा १८०० १२३४. पलीकडचा माणूस स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगू लागला, ओटीपी विचारू लागला किंवा ‘अनलॉक चार्ज’ म्हणून दहा रुपये पाठवायला सांगू लागला तर फोन कापा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तासाचा फरकही पैशात मोजला जातो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. माहिती १४४४८ वर मिळते. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही; बँकेला आधी दिलेल्या अर्जाची पोच मात्र लागते, तेव्हा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. पतसंस्थेतल्या ठेवीची तक्रार तिथे चालत नाही, ती सहकार खात्याकडे, जिल्हा उपनिबंधक कार्यालयात.